घरगुती वनौषधी आणि त्यांची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी वनौषधी तयार करू लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘अमुक दुखण्यावर कोणती वनस्पती?’ असा असतो. माझ्या मते तो चौथा प्रश्न असायला हवा. हाती आलेली वनस्पती नक्की कोणती आहे, तिच्यातील उपयोगी द्रव्य पाण्यात उतरते की तेलात, आणि औषध घेणारी व्यक्ती आधीपासून आणखी काय घेत आहे, हे तीन प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. पुढील उत्तरांत सर्वाधिक जागा याच तीन प्रश्नांना दिली आहे.

वनस्पती ओळखण्यासाठी तिचे प्रचलित नाव पुरेसे नाही का?

नाही. ब्राह्मी या एकाच नावाने बाकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका या दोन निराळ्या वनस्पती ओळखल्या जातात. शंखपुष्पी या नावाखाली तर किमान तीन वनस्पती येतात, आणि त्यांपैकी एक म्हणजे आपण गोकर्ण म्हणून ओळखतो ती वेल. कॅलेंडुला आणि झेंडू या दोघांनाही इंग्रजीत मॅरिगोल्ड म्हणत असल्यामुळे कॅलेंडुलाच्या मलमाची कृती वाचून झेंडूच्या पाकळ्या वापरणारे अनेक जण भेटतात; या दोन वनस्पतींचे कूळ एकच असले तरी प्रजाती वेगळ्या आहेत आणि त्यांचे गुणधर्म सारखे मानता येत नाहीत.

नावाच्या घोळाची किंमत किती मोठी असू शकते, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये दिसले. वजन कमी करण्याच्या एका उपचारात स्टेफानिया टेट्रांड्रा ही वनस्पती द्यायची होती. तिचे चिनी नाव आणि ॲरिस्टोलोकिया फांगची या वनस्पतीचे चिनी नाव जवळजवळ सारखे असल्यामुळे दुसरीच वनस्पती मिश्रणात आली. तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्लामुळे शंभराच्या आसपास स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली, आणि त्यांच्यापैकी काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. उपचार देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. फक्त नाव तपासले गेले नाही.

म्हणून वनस्पतीचे दोन शब्दांचे शास्त्रीय नाव माहीत करून घ्यावे आणि तेच डब्यावर लिहावे. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल यकृताला इजा करू शकते. स्वयंपाकातील चक्रफुलासारखेच दिसणारे जपानी चक्रफूल विषारी असून त्यामुळे झटके येऊ शकतात, आणि एकदा वाळून चुरा झाल्यावर ही दोन फळे डोळ्यांनी ओळखणे जवळपास अशक्य होते. याच कारणासाठी अनोळखी चूर्ण विकत घेण्यापेक्षा अख्खे पान, अख्खी साल किंवा अख्खे मूळ घ्यावे. रानातून स्वतः गोळा करत असाल, तर एकाच रोपाला फुलाच्या आणि फळाच्या हंगामात पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये. फुले नसताना डिजिटॅलिस या विषारी वनस्पतीची पाने कॉम्फ्रे या औषधी वनस्पतीच्या पानांसारखी दिसतात, आणि डिजिटॅलिस हृदयाची गती बिघडवते. शंका उरली असेल, तर ती वनस्पती वापरायची नाही.

ताजी वनस्पती चांगली की वाळलेली?

हे वनस्पतीवर आणि कृतीवर अवलंबून आहे. कोरफडीचा गर ताजाच वापरावा लागतो. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा, कडू चीक येतो तो उभे धरून पूर्ण निथळू द्यावा, कारण तो तीव्र रेचक आहे. लसणातील ॲलिसिन हे गुणकारी द्रव्य पाकळीत तयार स्थितीत नसते, ते पाकळी ठेचल्यावर तयार होते. म्हणून ठेचलेला लसूण दहा मिनिटे तसाच ठेवून मग वापरावा, आणि शिजवल्यावर तो गुण बराच कमी होतो हे लक्षात घ्यावे. आल्यात निराळेच घडते. ताज्या आल्यातील जिंजरॉल वाळवल्यावर किंवा तापवल्यावर अंशतः शोगाओलमध्ये बदलते, ते अधिक तिखट असते, आणि त्यामुळे आले व सुंठ ही औषध म्हणून दोन वेगळी द्रव्ये मानण्यात शहाणपण आहे.

प्रमाण बदलताना साधारण हिशेब असा ठेवावा की वाळताना पानांचे वजन चार ते पाच पटींनी घटते. कृतीत ‘एक भाग वाळलेली पाने’ असे असेल आणि तुमच्याकडे ताजी असतील, तर ती त्या पटीने जास्त लागतील.

पाने, फुले, मुळे कधी गोळा करावीत?

पाने फुलोरा येण्याच्या सुमारास, फुले नुकतीच उमलल्यावर, बिया पूर्ण पिकल्यावर आणि मुळे रोपाचा वरचा भाग सुकू लागल्यावर काढावीत. दिवसातील उत्तम वेळ म्हणजे दव सुकल्यानंतरची आणि ऊन कडक होण्याआधीची. रहदारीच्या रस्त्याकडेची, सांडपाण्याजवळची आणि फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची वनस्पती घेऊ नये. मूळ किंवा साल काढणे म्हणजे बहुतेक वेळा ते झाडच संपवणे असते, त्यामुळे मुळांसाठी लागणारी वनस्पती रानातून न उपटता घरी लावावी, असे मी आग्रहाने सांगेन.

वाळवण्याची योग्य पद्धत कोणती?

सावली, खेळती हवा आणि पातळ थर. पाने आणि फुले ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आत वाळवावीत, कारण त्याहून जास्त उष्णतेत सुगंधी तेल उडून जाते. उन्हात टाकली तर रंगही जातो. मुळे आणि साली धुऊन, वाळण्याआधीच त्यांचे लहान तुकडे करून घ्यावेत, कारण वाळलेले अख्खे मूळ नंतर कापता येत नाही आणि त्याच्या गाभ्यात ओल राहून जाते.

वाळणे पूर्ण झाले की नाही, हे पानावरून नव्हे तर देठावरून ठरवावे. पान चुरगळले जाते, पण देठ वाकतो, अशा अवस्थेत डबा भरला तर आठवड्याभरात त्याला कुबट वास येतो. देठ कट्कन मोडला पाहिजे.

काढा, फांट आणि हिम यांत नेमका फरक काय?

तिन्हींत द्रावक पाणीच असते, फरक उष्णतेचा आणि वेळेचा असतो. हा फरक समजला की पुस्तकातील निम्म्या कृती पाठ करण्याची गरज उरत नाही.

पान आणि फूल नाजूक असते. त्याचा गुण पुष्कळदा सुगंधी तेलात असतो आणि उकळत ठेवल्यास तो वाफेबरोबर निघून जातो. अशा द्रव्यांचा फांट करावा : २ ते ३ ग्रॅम वाळलेल्या पानांवर एक कप, म्हणजे सुमारे २०० मिली, नुकतेच उकळलेले पाणी ओतावे, लगेच झाकण ठेवावे आणि ५ ते १० मिनिटांनी गाळावे. झाकण ही येथे हौस नाही. पुदिना, तुळस, कॅमोमाइल किंवा बडीशेप यांचा जो सुगंध खोलीभर दरवळतो, तेच कपातून गेलेले औषध असते. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही परत कपात झटकावेत. बडीशेपेसारख्या बिया मात्र आधी किंचित ठेचून घ्याव्या लागतात, कारण त्यांचे तेल आतल्या नळ्यांत बंद असते.

मूळ, साल आणि कठीण फळ यांना नुसते गरम पाणी पुरत नाही, म्हणून त्यांचा काढा करतात. द्रव्याची भरड करावी, थंड पाण्यात घालून मग आचेवर ठेवावे आणि मंद आचेवर २० ते ४० मिनिटे उकळू द्यावे. घरगुती वापरासाठी २० ग्रॅम द्रव्य आणि ७५० मिली पाणी घेऊन ते सुमारे ५०० मिलीपर्यंत आटवणे हे सोयीचे प्रमाण आहे. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातील प्रमाण याहून बरेच तीव्र आहे : तेथे द्रव्याच्या सोळा पट पाणी घेऊन ते आठवा भाग उरेपर्यंत आटवायला सांगितले आहे. दोन ठिकाणच्या ‘काढ्यां’ची मात्रा अदलाबदल करून घेणे किती धोक्याचे आहे, हे या दोन आकड्यांवरून कळेल. एका कृतीतील काढा अर्धा कप घ्यायला सांगितला असेल, तर तो त्याच कृतीने केलेला असला पाहिजे.

हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी कुस्करून गाळलेले औषध. ज्यांच्यात बुळबुळीत द्रव्य असते, किंवा ज्यांचा गुण उष्णतेने बिघडतो, त्यांच्यासाठी ही रीत आहे. हे मिश्रण रात्रभर उघड्यावर न ठेवता झाकून थंड जागी ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे.

या जोडीला आणखी दोन रूपे लक्षात असू द्यावीत. ताजी वनस्पती कुटून पिळून काढलेला रस म्हणजे स्वरस, आणि तिचा वाटून केलेला गोळा म्हणजे कल्क. स्वरस सर्वांत तीव्र आणि सर्वांत लवकर नासणारा असतो.

उष्णतेने खरोखर इतका फरक पडतो का?

याचे सर्वांत बोलके उदाहरण मलेरियावरील औषधाचे आहे. चिनी संशोधक तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीच्या उकळून केलेल्या अर्कातून खात्रीलायक परिणाम मिळत नव्हता. चौथ्या शतकातील वैद्य गे हाँग यांच्या ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितले होते. उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून त्यांनी सुमारे ३५ अंशांना उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो परिणामकारक ठरला. या कामासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या वनस्पतीचा घरगुती चहा मलेरियावर घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे, कारण चहातील मात्रा अपुरी आणि अनिश्चित असते. त्यामुळे रुग्ण बरा होत नाही आणि परजीवींमध्ये औषधाला दाद न देण्याची क्षमता वाढण्याची भीती असते.

हळदीचे पाणी का फारसे उपयोगी पडत नाही?

कारण हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात व मद्यार्कात विरघळते, आणि पोटात गेल्यावरही ते फार थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पायपेरीन हे द्रव्य सोबत दिल्यास हे शोषण माणसांमध्ये वीस पट वाढल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हा आकडा जाहिरातींत नेहमी वापरला जातो, पण त्याचा दुसरा अर्थ क्वचितच सांगितला जातो : जे मिरे कर्क्युमिनचे शोषण वाढवते, ते काही औषधी गोळ्यांचेही वाढवू शकते. स्वयंपाकातील हळद आणि मिरे यांची चिंता नको. पायपेरीन मिसळलेल्या हळदीच्या तीव्र गोळ्यांमुळे मात्र यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

औषधी तेल घरी करताना कोणती काळजी घ्यावी?

एका वाक्यात सांगायचे तर, तेलात पाण्याचा अंश जाऊ देऊ नये. पूर्ण वाळलेली पाने किंवा पाकळ्या स्वच्छ, कोरड्या बरणीत भराव्यात, त्या बुडून वर बोटभर उरेल इतके तेल घालावे आणि बरणी उबदार जागी तीन-चार आठवडे ठेवून रोज हलवावी. घाई असेल, तर गरम पाण्याच्या भांड्यात तेलाचे भांडे ठेवून दोन-तीन तास मंद उष्णता द्यावी. तेलाला धूर येता कामा नये आणि पाने तळली जाता कामा नयेत. नंतर कापडातून गाळावे.

माझी पहिली बरणी वाया गेली होती. कॅलेंडुलाच्या पाकळ्या कुरकुरीत वाटल्या म्हणून मी अख्खी फुले भरली, पण त्यांचे मधले गोंडे आतून ओले होते, आणि दहाव्या दिवशी तेलावर करडी बुरशी आली. बुरशी दिसते, तेल फेकून देता येते. जे दिसत नाही ते अधिक गंभीर आहे. ताजा लसूण किंवा ताजी मुळे तेलात बुडवून बाहेर ठेवली, तर तेलाखालच्या प्राणवायूविरहित ओलाव्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो. त्या विषाला वास नसतो, चव नसते, आणि त्याने श्वसनाचे स्नायू निकामी होऊ शकतात. म्हणून पोटात घ्यायचे लसणाचे तेल साठवण्यासाठी घरी करूच नये.

तेलापासून मलम कसे करावे?

१०० मिली गाळलेल्या तेलात १२ ते १५ ग्रॅम मधमाशांचे मेण मंद उष्णतेवर वितळवावे. थेंबभर मिश्रण थंड बशीवर टाकून पाहावे; फार मऊ असेल तर थोडे मेण आणि फार घट्ट असेल तर थोडे तेल घालावे. गरम असतानाच कोरड्या डब्यांत ओतावे आणि पूर्ण निवल्यावरच झाकण लावावे, नाहीतर झाकणाला धरलेले पाणी मलमात पडते.

मद्यार्कातील अर्क कसा करतात, आणि मद्यार्क नको असेल तर काय करावे?

वाळलेले द्रव्य एक भाग वजनाने आणि पिण्यायोग्य मद्यार्क पाच भाग मापाने, म्हणजे १०० ग्रॅमला ५०० मिली, हे नेहमीचे प्रमाण आहे. बहुतेक पानांना आणि मुळांना ४० ते ५० टक्के तीव्रता चालते, तर राळ किंवा डिंकासारख्या राळयुक्त द्रव्यांना ९० टक्क्यांच्या आसपास लागते. बुळबुळीत द्रव्ये मद्यार्कात उतरत नाहीत, त्यांच्यासाठी पाणीच वापरावे. दोन ते सहा आठवडे अंधारात ठेवून, रोज हलवून, शेवटी पिळून गाळावे. औद्योगिक स्पिरिट, जंतुनाशक स्पिरिट किंवा मिथेनॉल असलेले काहीही येथे कधीही वापरू नये; मिथेनॉलने दृष्टी जाते आणि जीवही जातो.

मद्यार्क टाळायचा असेल तर खाद्य प्रतीचे ग्लिसरीन वापरता येते. मात्र तयार मिश्रणात त्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या खाली गेल्यास ते टिकत नाही, आणि त्यात अनेक द्रव्ये कमीच उतरतात.

मधातील चाटण आणि साखरेचा पाक यांविषयी काय लक्षात ठेवावे?

मधात पाणी कमी असते म्हणून तो नासत नाही. त्यात ताजा रस मिसळला की हे संरक्षण जाते. आले-मधाचे चाटण त्यामुळे थोडेच करावे आणि थंड जागी ठेवावे. काढ्याचा पाक करताना साखर कमी घालण्याचा मोह होतो, पण साखर येथे गोडीसाठी कमी आणि टिकण्यासाठी जास्त असते. तयार पाकाच्या १०० मिलीत सुमारे ८५ ग्रॅम साखर असेल तरच तो स्वतःच्या बळावर टिकतो. काढा आणि मध समभाग घेऊन केलेला पाक फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडेच ठेवावा.

एक वर्षाखालील बाळाला मध बोटभरही चाटवू नये. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढतात.

चमचा पुरेसा नाही का? वजनकाटा कशासाठी?

एक चमचा वाळलेली कॅमोमाइलची फुले आणि एक चमचा सुंठीची पूड यांच्या वजनात काही पटींचा फरक असतो. एकाच वनस्पतीची भरड आणि वस्त्रगाळ चूर्ण यांचेही चमचे सारखे भरत नाहीत. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा हे मी सुचवीन असे पहिले साधन आहे. त्याच्या शेजारी एक वही असावी, आणि तिच्यात वनस्पतीचे नाव, वजन, पाण्याचे माप, वेळ, तारीख आणि घेतल्यावर काय वाटले, हे लिहावे. मागच्या वेळी गुण आला तो कशाने, याचे उत्तर आठवणीतून मिळत नाही.

भांडी कोणती वापरावीत?

स्टेनलेस स्टील, काच किंवा न टवके उडालेले इनॅमल. लोखंड, तांबे आणि ॲल्युमिनियम यांवर तुरट आणि आंबट द्रव्यांची क्रिया होते.

तयार केलेले औषध किती दिवस टिकते?

फांट आणि काढा ताजाच घ्यावा. उरल्यास फ्रिजमध्ये २४ तास, फार तर काढा ४८ तास. वाळलेली पाने व फुले बंद डब्यात, अंधारात साधारण एक वर्ष टिकतात. मुळे, साली आणि बिया दोन ते तीन वर्षे. चूर्ण मात्र सहा महिन्यांत निस्तेज होते, म्हणून ते लागेल तसे कुटावे. औषधी तेल सहा महिने ते एक वर्ष, खवट वास येईपर्यंत. मद्यार्कातील अर्क कित्येक वर्षे. हे आकडे योग्य साठवणीचे आहेत. शेगडीच्या वरच्या फळीवर, उष्णता आणि वाफ लागणाऱ्या जागी ठेवलेल्या काचेच्या बरण्या दिसायला सुंदर असतात, पण ती साठवणीची सर्वांत वाईट जागा आहे.

वनस्पती नैसर्गिक असते, मग ती अपायकारक कशी होईल?

वनस्पती ही द्रव्ये माणसासाठी तयार करत नाही. किडींपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून बचाव करण्यासाठी तिने ती साठवलेली असतात, आणि त्यांचा आपल्याला उपयोग होतो तो ठरावीक मात्रेत. ज्येष्ठमधाने घशाला आराम पडतो. पण त्यातील ग्लिसिरायझिन रोज दीर्घकाळ घेतल्यास शरीरात पाणी व मीठ साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने त्याची नियमित दैनंदिन मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचवली आहे. सोनामुखी बद्धकोष्ठावर खात्रीने चालते, तरी ती सलग एक-दोन आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये. दालचिनीच्या कॅशिया या प्रकारात यकृताला त्रासदायक ठरणारे कुमारिन बरेच असते, श्रीलंकेतील खऱ्या दालचिनीत ते नगण्य असते. कॉम्फ्रे पोटात घेऊच नये, कारण तिच्यातील अल्कलॉइडांनी यकृतातील नसा बंद होऊ शकतात. कॅमोमाइलसारख्या निरुपद्रवी फुलानेही त्याच कुळातील परागांची ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होतो. म्हणून नवीन लेप किंवा मलम आधी मनगटाच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी.

नियमित गोळ्या चालू असताना वनौषधी घेता येतात का?

डॉक्टरांना किंवा औषधनिर्मात्याला विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि हे मी केवळ रीत म्हणून लिहीत नाही. सेंट जॉन्स वर्ट ही सौम्य नैराश्यावर वापरली जाणारी वनस्पती यकृतातले, औषधे मोडणारे विकर (एन्झाइम) वाढवते. परिणामी गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारे वॉर्फरिन, प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन आणि एचआयव्हीवरील काही औषधे रक्तात कमी पडतात. प्रत्यारोपित अवयव त्यामुळे शरीराने नाकारल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. लसूण आणि गिंको ही वनस्पती यांचे तीव्र अर्क रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवतात, आणि शस्त्रक्रियेपूर्वी ते दोन आठवडे बंद ठेवायला सांगितले जाते. मेथी व कारले मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर अपेक्षेपेक्षा खाली नेऊ शकतात. अश्वगंधा थायरॉइडची संप्रेरके वाढवू शकते. इसबगोलासारखे साधे द्रव्यही इतर गोळ्यांचे शोषण अडवते. त्या दोन तास आगेमागे घ्याव्यात, आणि इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे, नाहीतर ते घशात फुगून अडकते.

गरोदरपणी आणि लहान मुलांना काय द्यावे?

गरोदरपणातील मळमळीवर आले दिवसाला सुमारे १ ग्रॅम सुंठीइतके, विभागून आणि डॉक्टरांना सांगून घेता येते. याला बऱ्यापैकी पुरावा आहे. त्यापलीकडे स्वयंपाकात असते तेवढ्या प्रमाणावर थांबावे. मुलांसाठी मोठ्यांची मात्रा अंदाजाने निम्मी करणे चूक आहे, कारण दोन वर्षांच्या मुलाचे वजन मोठ्यांच्या निम्मे नसते, पाचवा-सहावा भाग असते. दोन वर्षांखालील मुलांवर घरी प्रयोग नकोत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून घेतलेला वाफारा मुलांना देऊ नये. सांडलेल्या पाण्याने होणारी भाजण ही सर्दीपेक्षा फार मोठी गोष्ट आहे.

बाटलीतील सुगंधी तेल म्हणजे त्या वनस्पतीचा तीव्र काढाच नव्हे का?

नव्हे. ते वाफेच्या साहाय्याने वेगळे काढलेले, अतिशय तीव्र द्रव्य आहे आणि ते पोटात घेऊ नये. निलगिरीचे तेल किंवा कापूर थोड्या प्रमाणात गिळल्यानेही लहान मुलांना झटके येतात. मेंथॉल असलेले द्रव्य तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावल्यास त्याचा श्वास अडकू शकतो. लवंगेचे तेल दातदुखीत सुन्नपणा आणते, पण ते पातळ न करता लावल्यास हिरडी भाजते.

कोणत्या घरगुती उपायांना चांगला आधार आहे?

मळमळीसाठी आले, बद्धकोष्ठासाठी इसबगोल व सोनामुखी आणि एक वर्षावरील मुलांच्या व मोठ्यांच्या खोकल्यासाठी मध, यांचा पाया भक्कम आहे. आतड्यांत विरघळणाऱ्या आवरणातील पुदिन्याचे तेल आतड्यांच्या विकारात पोटाची कळ कमी करते. हे डॉक्टरी तयारीचे औषध आहे, घरातल्या पुदिन्याच्या चहाला ते तसेच लागू करू नये. उलट, आंबट ढेकरा येणाऱ्यांचा त्रास पुदिन्याने वाढू शकतो, कारण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप त्याने सैल पडते.

कोणती दुखणी घरी अंगावर काढू नयेत?

छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूची शक्ती जाणे, रक्ताची उलटी किंवा शौच, कावीळ, तीन दिवसांपेक्षा जास्त राहिलेला ताप, तीन महिन्यांखालील बाळाचा कोणताही ताप, सतत जुलाब होऊन लघवी कमी होणे, सर्पदंश, आणि खोल जखम. उघड्या जखमेवर पाला वाटून बांधू नये; त्यातून धनुर्वाताचे जंतू शरीरात जाऊ शकतात. कर्करोग, क्षय आणि मधुमेह यांत सुरू असलेले उपचार थांबवून वनौषधींवर विसंबणे हे मी कुणालाही सुचवणार नाही.

औषध घेतल्यावर त्रास झाला तर काय करावे?

औषध ताबडतोब बंद करावे. पुरळ, ओठ-जीभ सुजणे, धाप, अनियमित ठोके, गुंगी किंवा गडद लघवी यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे, आणि मुद्दाम उलटी काढू नये. जाताना उरलेले औषध, त्याचा चोथा, मूळ वनस्पतीचा नमुना आणि नोंदवही सोबत न्यावी. तपासणाऱ्या डॉक्टरांना ‘कसला तरी पाला होता’ एवढेच कळले, तर पहिले काही तास तो पाला ओळखण्यातच जातात. डब्यावर शास्त्रीय नाव, वजन आणि तारीख असेल, तर उपचार लगेच सुरू करता येतात.